कारकुनानं वाचलेला कौल

९ जानेवारी

प्रिय ग्रेटा,

तुझं सामान काल डलूथला, तुझ्या बहिणीकडे रवाना केलं. स्वरलिपीची पुस्तकं वेगळ्या खोक्यात आहेत, त्यावर लाल पट्टी चिकटवली आहे. लाकडी तालयंत्र मी स्वतः गुंडाळलं, तेव्हा त्याचा काटा वाकला असेल तर गाडीवाल्याशी भांडू नकोस, माझ्याशी भांड. भांडायला म्हणून का होईना, चार ओळी लिहिशील.

गायनखोली रिकामी झाली. तिथं काय येणार हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. संगणकावर खेळ खेळणाऱ्या मुलांचा संघ. कॉलेजचा अधिकृत संघ, गणवेशासकट. आपली प्रेसिडेंट डायॅन म्हणते की या संघापायी पुढच्या वर्षी प्रवेश वाढतील. वाढतीलही. मी गणित शिकवतो, पण तिचे आकडे काही मी पाहिलेले नाहीत, फक्त खुर्च्या पाहिल्या. एकेक खुर्ची दंतवैद्याकडच्या खुर्चीएवढी आहे.

तू नाताळच्या सुट्टीत कुणालाही न सांगता निघून गेलीस. वर्ष पुरं होईपर्यंत तुझा पगार चालू होता, वर्ग होते, मुलं होती. बहिणीकडे जायची एवढी काय घाई होती? आमच्या घरी अॅल्मा तुझ्या वाटणीचं पर्सिमनच्या फळांचं पुडिंग काढून ठेवून दोन दिवस वाट बघत होती. शेवटी मी खाल्लं.

तुला पैशाचं बोलणं आवडत नाही हे मला ठाऊक आहे. पण शांतपणे विचार कर. आपली छापील फी वाचूनच अर्धे आईबाप दारातून परत फिरतात, आणि ती छापील फी आपण कुणाकडूनच घेत नाही. गालिचेवाल्यासारखं आहे आपलं. वर भली मोठी किंमत, खाली निम्म्यानं कापलेली. सवलत देऊन मूल आणायचं, त्याला राहावंसं वाटावं म्हणून कर्ज काढून झकपक वसतिगृह बांधायचं, आणि त्या कर्जाच्या हप्त्यासाठी छापील फी आणखी वाढवायची. हे किती वर्षं चालणार होतं? बँकेनं ऑक्टोबरात स्वच्छ सांगितलं, खर्च कापा नाहीतर नवं कर्ज विसरा. मग संगीत, जर्मन आणि तत्त्वज्ञान हे विभाग गेले. कॉलेज तर राहिलं. हार्लन क्रीक कॉलेजच बंद झालं असतं तर कुणाचं भलं होणार होतं, मला सांग.

नोव्हेंबरातली प्राध्यापकसभा रीतीनं झाली. सगळ्यांना बोलायला वेळ होता. तुला काही म्हणायचं होतं तर तू म्हणायला हवं होतंस, ग्रेटा. आता मागून रुसण्यात काय अर्थ आहे?

इथं बर्फ नुसता चिखल होऊन पडलाय. तुमचं सरोवर गोठलं का?

तुझा,
मर्ल

३ फेब्रुवारी

प्रिय ग्रेटा,

सामान पोचलं असं गाडीवाल्यानं कळवलं. तू नाही कळवलंस.

मागच्या पत्राचा सूर बरोबर नव्हता. अॅल्मा म्हणते, माझी चूक असली की मी शिकवायला लागतो. ती तीस वर्षं हेच म्हणतेय, तेव्हा त्यात तथ्य असावं.

माजी विद्यार्थ्यांना जाणारं पत्रक आज आलं. तुलाही येईल, म्हणून आधीच सांगतो. पहिल्याच पानावर डायॅनचा फोटो आहे आणि खाली लिहिलंय, ‘प्राध्यापकसभेच्या एकमुखी कौलाला मान देऊन विश्वस्तांनी हा अवघड निर्णय घेतला.’ विश्वस्तांपैकी कुणीतरी त्यात एक विनोदही केला आहे. कॉलेज काढणाऱ्या आपल्या मित्रसमाज पंथाच्या जुन्या पिढ्यांना गाणंबजावणं वर्ज्यच होतं, तेव्हा संगीत बंद करणं म्हणजे संस्थापकांच्या ध्येयाकडे परत जाणं, असं काहीतरी. जेवणघरात तीन-चार जण हसले. मीही हसलो. नंतर थाळी तशीच टाकून उठलो.

‘एकमुखी’ हा शब्द काही माझा नाही. सभेचा कारकून म्हणून मी नोंदीत फक्त ‘सभेला मान्य’ असं लिहिलं होतं. एकमुखी त्यांनी केलं.

मला आज सारखं डेव्हॉन प्रुइटचं आठवतंय. अर्थशास्त्र शिकवायला तो नवाच आला होता आणि तू त्याला जेवणघरात आपली रीत समजावत होतीस. इथं मतदान नाही, हात वर करणं नाही, मोजणी नाही. सभा गप्प बसते. ज्याला बोलायचंय तो उभा राहतो, बोलतो, बसतो. मग कारकून सभेचा कौल कुठं दिसतो ते वाचून दाखवतो आणि विचारतो, ‘मित्रांनो, मान्य?’ कुणी उठलं नाही तर मान्य. डेव्हॉननं विचारलं, एखाद्याला पटत नसेल तर? तू म्हणालीस, दोन वाटा आहेत. बाजूला उभं राहायचं, म्हणजे मला पटत नाही पण माझ्यापायी अडू नका. नाहीतर आडवं उभं राहायचं, मग गाडी जागच्या जागी थांबते.

“एका माणसासाठी?” त्यानं डोळे मोठे करून विचारलं.

“एका माणसासाठी.”

“मग इथं खरी सत्ता कुणाची?”

तू काट्यानं माझ्याकडे खूण केलीस. “या कारकुनाची. मौनाचा अर्थ तो लावतो.”

तेव्हा आपण तिघंही हसलो होतो. दुसऱ्या कॉलेजांत सभेला अध्यक्ष असतो, आपल्यात कारकून. नाव हलकं, काम जड. गेली सहा वर्षं मी ते करतोय आणि आजवर माझ्या कुठल्या नोंदीवर कुणी बोट ठेवलेलं नाही.

नोव्हेंबरातल्या सभेच्या त्या गुरुवारचं सांगतो, कारण तुझ्या मनात काही किंतू राहायला नको. डायॅननं योजना मांडली. चार-पाच जण बोलले, बहुतेक कॉलेज वाचवा असंच बोलले. मग सगळे गप्प झाले. मी कौल वाचला. ‘मित्रांनो, मान्य?’ असं विचारलं आणि थांबलो. जेवढं थांबायचं असतं तेवढं थांबलो. तू खिडकीच्या बाजूला बसली होतीस. तुझा हात पुढच्या बाकाच्या पाठीवर होता, तो मी पाहिला. मला वाटलं, शाल घसरली म्हणून सावरतेयस. मी मान खाली घातली, नोंद लिहिली आणि वाचून दाखवली.

एवढंच घडलं. हे तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं.

मर्ल

२६ फेब्रुवारी

ग्रेटा,

शाल नव्हती.

मी अॅल्माला सहज म्हटलं की ग्रेटाला त्या शालीचं लिहिलंय. ती भांडी पुसत होती. म्हणाली, “ती शाल मी डिसेंबरात विणून टपालानं पाठवली तिला. नोव्हेंबरातल्या सभेत कुठून आली?” मग माझ्याकडे बघत राहिली. पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय माझं. कुणी काही बोलत नाही आणि मी उत्तरं देत सुटलोय. तू एक शब्द न लिहिता मी तुला दोन पत्रं खुलाशाची लिहिली. तेव्हा आता खुलासा नको, घडलं तेच लिहितो.

तू उठत होतीस. तुझा गुडघा गेल्यापासून तुला उठायला वेळ लागतो. आधी हात पुढच्या बाकावर, मग डावा पाय मागे, मग जोर. सव्वीस वर्षं तुझ्याबरोबर काम केलेल्या माणसाला हे नाही कळणार तर कुणाला कळणार? हात बाकावर आला तेव्हाच मला कळलं होतं. अर्धा श्वास आणखी थांबलो असतो तर तू उभी राहिली असतीस. मी थांबलो नाही. तुझ्या दुखऱ्या गुडघ्याचा फायदा घेतला मी. ही ओळ लिहायला मला तीन महिने लागले.

का केलं, तेही ऐक.

ऑक्टोबरात डायॅननं मला बोलावलं होतं. कारकून म्हणून बोलावलं, असं मी घरी सांगितलं. तिच्या मेजावर यादीचा आधीचा मसुदा होता. त्यात तीन नाही, चार विभाग होते. चौथा गणित. त्यावर पेनानं रेघ मारलेली होती. ती म्हणाली, “मर्ल, गणित मी काढलंय. पण सभेत फाटाफूट दिसली तर बँक पुन्हा प्रश्न विचारील आणि मला पुन्हा यादी करायला बसावं लागेल.” ती धमकी नव्हती. तिचे डोळे सुजले होते, दोन रात्री ती झोपलेली नसावी. इस्पितळाचा कारभार पाहणारी बाई कॉलेजात आणली म्हणून आपण तिच्यावर खूप हसलो, पण त्या दिवशी मला तिची कीव आली. आणि तिच्यापेक्षा जास्त माझी.

आमची टेस इथंच तिसऱ्या वर्षात आहे. इथं काम करणाऱ्याच्या मुलाला फी नाही, हे तुला सांगायला नको. माझी नोकरी गेली की तिची सवलतही गेली. डायॅनच्या खोलीतून बाहेर पडून पायऱ्या उतरेपर्यंत मी सगळा हिशेब केला होता. मग नोव्हेंबरात सभेत गेलो. माझं उत्तर आधीच ठरलेलं होतं, सभेला विचारायचं तेवढं बाकी होतं.

मौन म्हणजे संमती, असं जग म्हणतं. आपण तसं मानत नाही, म्हणून तर आपल्याला कारकून लागतो. मौनात नीट कान देऊन ऐकायचं आणि मगच बोलायचं, हे माझं काम होतं. मी ऐकलं, ग्रेटा. ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बहिऱ्या माणसाला निदान माफी तरी असते.

मला लाज वाटते. दुसरं काही लिहिता येत नाही.

मर्ल

१७ मार्च

ग्रेटा,

तुझा गायकवृंद अजून गातोय. बंद झाला असं कागदोपत्री आहे, पण मुलं बुधवारी नव्या वसतिगृहाच्या तळघरात जमतात, कपडे धुण्याच्या यंत्रांच्या खोलीत. यंत्रं थांबवता येत नाहीत, म्हणून त्यांच्या घरघरीवरच गातात. टेसनं सांगितलं. ती अजूनही खालच्या पट्टीत गाते आणि अजूनही तू म्हणायचीस तशी वाक्याच्या शेवटी श्वास सोडून देते.

टेस घरी आली होती ती कपडे न्यायला म्हणून. जेवताना तिनं विचारलं, “बाबा, ग्रेटा त्या दिवशी उठत होती ना?”

मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं?

“विचारतेय मी. सांगत नाहीये.”

मी मग सांगितलं. यादीचं, डायॅनचं, गुडघ्याचं, सगळं. अॅल्मा ताट पुढे सारून ऐकत होती. शेवटी मी म्हणालो की तुझं शिक्षण अर्ध्यावर सुटू नये एवढंच माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला वाटलं होतं, एवढं ऐकल्यावर तिचा राग थोडा उतरेल. कुठल्याही बापाला वाटेल तसं.

ती म्हणाली, “माझं नाव घेऊ नकोस यात. मी मागितलं नव्हतं. तू मला विचारलंसुद्धा नाहीस.” मग उठून आपल्या ताटाबरोबर आईचंही ताट धुतलं. माझं तसंच ठेवलं.

आपली पोर आपल्यालाच शिकवायला लागली की बोचतं. पण ती म्हणाली त्यात खोट काढायला मी सगळी रात्र घालवली आणि मला खोट सापडली नाही. तिची फी वाचवायला मी तिला न विचारता तुला विकलं. आणि वर तिनं आभार मानावेत अशी अपेक्षा धरली.

एप्रिलच्या सभेत ती नोंद दुरुस्त करायला हवी, हे मला दिसतंय. कारकुनानंच आपली नोंद खोटी म्हटली तर कौल उरत नाही. मग संगीताचा प्रश्न पुन्हा सभेसमोर येईल आणि तू परत येऊ शकशील. गोष्ट साधी आहे. पण कौल गेला की बँक पुन्हा दारात येईल, डायॅन पुन्हा यादी करील आणि या वेळी गणितावर ती रेघ मारलेली नसेल. मी, टेस, माझ्या विभागातली ती दोन तरुण मुलं, ज्यांनी आत्ताच घरं घेतलीत. आणि कदाचित सगळं कॉलेजच.

बघ, पुन्हा सुरू झालो. कारणांचा मला कधी तुटवडा पडत नाही.

तू रागावून चार शिव्या तरी लिहाव्यास, असं रोज वाटतं. टपालपेटी दिवसातून दोनदा उघडून बघतो.

मर्ल

२४ एप्रिल

प्रिय ग्रेटा,

सभा काल झाली.

सुरुवातीलाच मी कारकुनाच्या मेजावरून उठलो आणि म्हटलं की मला आज बाकावरून बोलायचंय, मेज दुसऱ्या कुणी सांभाळा. रसायनशास्त्राची नदीन बाएझ बसली. तिला वाटलं माझी तब्येत बरी नाही. मी तुझ्या जागी, खिडकीपाशी जाऊन बसलो. मुद्दाम नव्हे, तेवढीच जागा मोकळी होती. तू गेल्यापासून तिथं कुणी बसत नाही.

उभा राहिलो. फार बोललो नाही. म्हटलं, “नोव्हेंबरच्या नोंदीत ‘सभेला मान्य’ असं लिहिलंय. ते खोटं आहे. ग्रेटा लुंडीन बोलायला उठत होती. मी तिला पाहिलं आणि तिच्या आधी नोंद वाचून टाकली. ती नोंद माझ्या भल्याची होती म्हणून.” ऑक्टोबरातल्या यादीचंही सांगितलं. डायॅन मागच्या बाकावर होती. तिच्याकडे मी पाहिलं नाही. टेसचं नाव घेतलं नाही.

बसलो. ग्रेटा, मी काय काय अपेक्षा केली होती! कुणी ओरडेल, कुणी तोंड फिरवील, एखादा म्हातारा थू करील. रात्रभर त्याचीच तयारी केली होती. कसा एकटा उभा राहीन, कसं सगळं अंगावर घेईन. खरं सांगू? त्यात थोडी ऐटही होती.

त्यातलं काहीच झालं नाही. खोली तापवणारे गरम पाण्याचे नळ तेवढे ठोकठोक करत होते. शेवटी डेव्हॉन उठला. तो कधी सभेत बोलत नाही. कोटाचं बटण पिरगाळत जमिनीकडे बघून म्हणाला, “मर्ल, आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं.”

आणि बसला.

मी मान वळवून सगळ्यांकडे पाहिलं. कुणी नाही म्हणालं नाही. कुणाला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. नदीन टेबलाकडे बघत होती. इतिहासवाल्या अर्लनं चष्मा काढून हातात धरला होता. जिच्या लग्नात तू ऑर्गन वाजवलास ती मॅरीअन रडत होती, पण आवाज न करता. इतके महिने आम्ही सगळे रोज एकमेकांबरोबर जेवलो, अळीमिळी गुपचिळी. मला वाटत होतं हे माझं एकट्याचं गुपित आहे. प्रत्येकाला तेच वाटत होतं. प्रत्येक जण मूग गिळून बसला आणि माझी नोंद ऐकून मनातल्या मनात सुटला. एक जण जरी म्हणाला असता, “मर्ल, थांब, ग्रेटाला बोलायचंय,” तरी माझी कारकुनी तिथंच संपली असती.

नदीननं बऱ्याच वेळानं विचारलं की जुनी नोंद मागे घ्यायची का, मित्रांनो, मान्य? पुन्हा मौन. ती इकडं तिकडं बघत राहिली. शेवटी म्हणाली, “मला या मौनाचा अर्थ लावता येत नाही. मी काही लिहिणार नाही.” प्रश्न तसाच उघडा ठेवून सभा उठली. माझ्यापेक्षा ती चांगली कारकून आहे.

आता पुढचं लिहितो ते तुला लागेल. डायॅननं मला बाहेर झाडाखाली गाठलं. मला वाटलं, बँकेचं काढील. ती म्हणाली, “मी ऑक्टोबरात तुला सांगितलं ते तेव्हा मला खरंच वाटत होतं. पण विश्वस्तांनी तुमच्या सभेच्या आधीच या कपातीवर सह्या केल्या होत्या. मलाही नंतर कळलं. बँकेला तेवढंच पुरेसं होतं. तुमचा कौल फक्त पत्रकात बरा दिसावा म्हणून हवा होता.” मी विचारलं, म्हणजे ग्रेटा आडवी उभी राहिली असती तरी? ती म्हणाली, “तरी. यादीत गणितही पुन्हा आलं नसतं, मर्ल.”

म्हणजे मी कशासाठी केलं? कॉलेज माझ्यामुळे वाचलं नाही. टेसची फी माझ्यामुळे वाचली नाही. तुझा विभाग माझ्यामुळे बुडाला असंही म्हणता येत नाही. आजवर निदान मी एक मोठा गुन्हा केला असं तरी वाटत होतं. आता कळलं की त्याचा कुणाला काही उपयोग झाला नाही आणि तुझ्याशिवाय कुणाचं काही बिघडलं नाही. शंभर वर्षं आम्ही अभिमानानं सांगत आलो की इथं एका माणसासाठी सभा थांबते. ती सभा केव्हाच विश्वस्तांच्या दाराबाहेरची शोभा झाली होती, आणि आत बसलेल्या आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

गायनखोली परत मिळणार नाही, ग्रेटा. तुझी जागाही नाही. मी तुला आशा लावली होती, तीही आता काढून घेतो.

मला एकच विचारायचंय. उत्तर द्यायचं बंधन तुझ्यावर नाही. त्या दिवशी तू उठून काय म्हणणार होतीस?

मर्ल

३० मे

प्रिय ग्रेटा,

तुझं कार्ड आलं. इतक्या महिन्यांनी तुझं अक्षर पाहून आधी हसू आलं, मग वाचलं.

मी ते अॅल्मालाही दाखवलेलं नाही. पण सारखं वाचून पाठ झालंय, म्हणून इथं उतरवतो. तू लिहिलंयस: ‘मर्ल, मी आडवी उभी राहणार नव्हते. मी बाजूला उभी राहणार होते. मला पटत नाही, पण कॉलेज जगणार असेल तर माझ्यापायी अडू नका, एवढं म्हणून बसणार होते. आदल्या रात्री आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, आवाज फुटू नये म्हणून. माझी नोकरी जाणार हे मला माहीतच होतं. ती मी स्वतः देणार होते. तू ती माझ्या हातून हिसकावलीस, आणि सगळ्यांनी ते बघितलं. म्हणून मी गेले. नोकरीसाठी नाही.’

मी नोव्हेंबरपासून स्वतःला समजावत होतो की तुझा नकार मी दाबला. नकार दाबणारा माणूस वाईट असतो, पण तो निदान घाबरलेला असतो, त्याच्यापुढे काहीतरी अडसर असतो. माझ्यापुढे अडसर नव्हताच. तू मला हवं तेच द्यायला उठत होतीस. दुखऱ्या गुडघ्यानं, सावकाश, स्वतःच्या आवाजात. मला फक्त थांबायचं होतं.

मी तुझी माफी मागतो. माफ कर, असं म्हणत नाही. मागतो एवढंच. ग्रेटा, तू माझी सगळ्यांत जवळची मैत्रीण होतीस, आणि मी तुझं दान चोरून घेतलं. जगात सगळ्यांत वेडगळ चोरी हीच असेल.

टेस तिच्या वर्गाच्या समारंभात गाणार आहे, त्या तळघरातल्या मुलांबरोबर. डायॅननं परवानगी दिली, कुणी विरोध केला नाही. या वेळी खरंच कुणाचा विरोध नव्हता, मी प्रत्येकाला जाऊन विचारलं.

नदीननं तो प्रश्न अजून उघडा ठेवलाय. सप्टेंबरच्या सभेत पुन्हा येईल. ती म्हणाली, तोवर कुणाला काही बोलायचं असेल तर बोलावं. तुझं कार्ड त्या सभेत वाचावं आणि तुझे शब्द नोंदीत जसेच्या तसे घालावेत, असं माझ्या मनात आलं. म्हणजे तुला त्या दिवशी जे म्हणायचं होतं ते उशिरा का होईना, तुझ्या नावानं तिथं राहील. आमच्या सगळ्यांच्या तोंडावर राहील.

पण ते कार्ड तू मला लिहिलंस, सभेला नाही. तेव्हा विचारतो. वाचू का?

घाई नाही. सप्टेंबर लांब आहे, आणि लांब नसता तरी मी थांबलो असतो. तू हो लिहिलंस तर वाचीन. तुझं काहीच उत्तर आलं नाही, तर ते मी नाही असंच धरीन.

मर्ल